एक जागा, चार उमेदवार

१

सोमवारी सकाळी पावणेअकराला संभाजीच्या मोबाइलचा गजर वाजला. मुलाखत अकराला होती आणि आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून त्यानं आठवड्यापूर्वीच तो लावून ठेवला होता. संभाजी मात्र त्या दिवशी पहाटे पाचलाच गेला.

मोबाइल त्याच्या बायकोच्या, सुप्रियाच्या मांडीवर होता. बारामतीतल्या त्या दवाखान्याच्या बाकड्यावर ती भिंतीला टेकून बसली होती आणि गजर थांबवायचा असतो हेसुद्धा तिला सुचत नव्हतं. शेवटी शेजारी बसलेल्या राजेश्वरीनं फोन उचलला आणि बंद केला. पडद्यावर अक्षरं होती : ‘मुलाखत. शांत राहणे.’

राजेश्वरी आणि संभाजी सतरा वर्षं एकाच कारखान्यात होते. एमआयडीसीतल्या ‘सुवेष्टन’ कंपनीत पुठ्ठ्याची खोकी बनायची. तो मशीनवर, ती तपासणीला. आठ महिन्यांपूर्वी गुडगावच्या लोकांनी कंपनी विकत घेतली आणि एका शुक्रवारी बहात्तर जणांना गेटवरच ओळखपत्रं काढून ठेवायला सांगितली. राजेश्वरी तेव्हापासून घरी पिशव्या शिवत होती. संभाजी पिंपळीला भावाच्या गोठ्यावर राबत होता. मग गेल्या महिन्यात बातमी आली की कंपनीला एक लाइन सुपरवायझर हवाय, जुन्यांपैकीच. एकच. बहात्तरांतल्या साठजणांनी अर्ज केले आणि चौघांना बोलावणं आलं.

“काय खाल्लं हुतं त्यांनी?” राजेश्वरीनं हळूच विचारलं.

“पेढे,” सुप्रिया म्हणाली. “काल सकाळी दाराच्या कडीला खोकं अडकवलेलं. आत चिठ्ठी. ‘अभिनंदन. अंतिम फेरीसाठी शुभेच्छा. व्यवस्थापन.’ दुपारपर्यंत चार खाल्ले. म्हनले, कंपनीनं आठवण ठेवली बघ.”

डॉक्टरांनी पेढ्यात जमालगोटा असल्याचं सांगितलं होतं. एखाद्या धडधाकट माणसाचे दोन दिवस त्यानं वाईट गेले असते. पण संभाजीची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून नीट चालत नव्हती आणि हे त्यानं बायकोखेरीज कुणालाच कळू दिलं नव्हतं. कंपनीच्या अर्जात ‘काही आजार आहे का’ असा रकाना होता. त्यानं तिथं ‘नाही’ लिहिलं होतं.

पोलीस ठाण्याचे हवालदार झुंबर गावडे वही मिटत जवळ आले. “बावड्याच्या फारुकला बी असलंच खोकं आलं. इंदापुरात ॲडमिट हाय. कऱ्हाटीचे मोहनराव हितंच वरच्या मजल्यावर हायेत, त्यांची बी तीच गत.”

“आणि चौथा?” राजेश्वरीनं विचारलं. “सौरभ?”

“त्याला खोकं आलंच न्हाय,” हवालदार म्हणाले. “टाय लावून मुलाखतीला निघाला हुता. आमी गाडीत घातला.”

२

सौरभची आई चंद्राबाई राजेश्वरीच्या गल्लीतच राहायची. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर वाट बघत उभी होती.

“माझ्या पोरानं कधी कोंबडी कापली न्हाय, ताई. तू तितं सगळ्यांना वळखतीस. बघ काहीतरी.”

राजेश्वरी तिला होही म्हणाली नाही आणि नाहीही. सौरभ एकोणतीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, कारखान्यात काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसणारा. हुशार आणि थोडा शिष्ट. असा माणूस पेढ्यात काहीतरी कालवून दुसऱ्याच्या दारात अडकवेल? तिला ठामपणे नाही म्हणता येईना. गेल्या आठ महिन्यांत तिनं माणसांची बरीच नवी रूपं पाहिली होती. संभाजी गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या स्वतःच्या मनात दुःखाच्याही आधी ‘आता तिघंच राहिले’ हा हिशेब येऊन गेला होता. तिनं अर्ज केला होता, पण तिला बोलावणं आलं नव्हतं. तरीही तो आला होता.

ती मोहनरावांना बघायला वर गेली. छप्पन्न वर्षांचे मोहनराव चोवीस वर्षं मुख्य मशीन चालवत होते. त्या मशीनचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचे. नव्या माणसाला काम शिकवताना कधी आवाज चढवला नाही. पत्नी गेल्यापासून घरी एकटेच असायचे.

राजेश्वरी दारातच थांबली. मोहनराव पलंगावर ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी घोटलेली. एका हाताला सलाइन लावलेलं. समोर त्यांचा भाचा गेणू दोन्ही हातांनी मोबाइल धरून उभा होता आणि आतून कुणीतरी गुडगावच्या हिंदीत प्रश्न विचारत होतं.

“कागद डावीकडं सरकायला लागला तर रोलर बघायचा न्हाय, साहेब,” मोहनराव सांगत होते, “आधी हवेतला दमटपणा बघायचा. आमच्याकडं उसाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की पहाटं हवा बदलती...”

पाऊण तास ते बोलले. मधे एकदा “एक मिनिट, साहेब” म्हणून सलाइनचा स्टँड ढकलत आत जाऊन आले आणि पुन्हा ताठ बसून जिथं सोडलं होतं तिथून सुरू झाले. साहेबांनी त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर संभाजी पांढऱ्या चादरीखाली होता.

फोन बंद झाल्यावर मोहनरावांनी मान मागं टाकली. “संभाजी गेला म्हनं,” ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

“कवा आणलं यांना?” राजेश्वरीनं गेणूला विचारलं.

“पहाटं चारला. वाटंत तीनदा मोटरसायकल थांबवली, मामा आपले बाभळीमागं. तवापासून मी हितंच हाय, चूळ सुदिक भरली न्हाय. सकाळी मामांनीच कंपनीला फोन करून मुलाखत मोबाइलवर घ्या म्हनलं.”

पलंगाशेजारी चार्जर, चष्म्याचं घर आणि प्रमाणपत्रांची फाइल एका पिशवीत नीट लावलेली होती. किती टापटिपीचा माणूस, असं तिच्या मनात आलं. पायऱ्या उतरताना मात्र त्या टापटिपीतलं काहीतरी तिला सलू लागलं. काय ते काही केल्या उमगत नव्हतं.

३

फारुकला बुधवारी घरी सोडलं. गुरुवारी सकाळी राजेश्वरी एसटीनं बावड्याला पोचली.

फारुक बाजेवर पडून होता. गालफडं बसली होती. त्याची बायको शबीना दारातच म्हणाली, “या ताई. ह्यांना मला लुंगीवरच न्यावं लागलं बघा. पायात चप्पल बी न्हवती.”

“पेढे किती खाल्लेस, फारुक?”

“एकच,” तो क्षीण हसला. “पोरं मागत हुती. म्हनलं, अंतिम फेरी माझी हाय, आधी मी खाणार. एक खाल्ला आन् उरलेले फळीवर ठेवले संध्याकाळी वाटाय. संध्याकाळ कुठली उजाडतीय.”

आत दोन पोरी अभ्यास करत बसल्या होत्या. राजेश्वरीनं आधी त्यांच्याकडं आणि मग त्या फळीकडं पाहिलं.

पेढे पोलिसांनी नेले होते. बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं मात्र शबीनानं सुईदोऱ्यासाठी ठेवून घेतलं होतं. राजेश्वरीनं ते हातात घेतलं. सतरा वर्षांत तिनं अशी लाखो खोकी तपासली होती. झाकणावर अर्धवट उचकटलेली चिकटपट्टी होती आणि तिचं टोक आत बोटभर दुमडलेलं होतं, गिऱ्हाइकाला नख न लावता पट्टी ओढता यावी म्हणून. बाजारात असं कुणी करत नाही. ‘सुवेष्टन’च्या लाइनवर तिनंच सगळ्यांना ते करायला लावलं होतं आणि पुढं ते त्यांच्या हातात इतकं बसलं की घरचं लोणचं पाठवतानाही टोक दुमडायचे.

म्हणजे पाठवणारा लाइनवरचा होता. सौरभनं काचेच्या खोलीतून येऊन कधी लाइनवर खोकी बंद केली नव्हती. क्वचित पट्टी लागलीच तर तो ती दातानं तोडायचा आणि त्यावरून तिची बोलणी खायचा.

“हे खोकं हितं कसं आलं?” तिनं विचारलं. “तुमी तर बारामतीत भाड्यानं राहत हुता की.”

शबीना ओशाळली. “पंधरा दिवस झाले, खोली सोडली. आब्बांच्या घरी आलो. कुणाला सांगितलं न्हाय, ह्यांना लाज वाटत हुती. कंपनीला बी जुनाच पत्ता दिलेला.”

“कुणालाच ठाऊक न्हाय?”

“न्हाय. फक्त मोहनराव. देवमाणूस, ताई. गेणूभाऊचा टेम्पो त्यांनीच पाठवला. सामान लावाय स्वतः आलते, हितंपर्यंत.”

राजेश्वरीच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. इस्त्रीचा शर्ट, घोटलेली दाढी, चार्जर. दवाखान्यात काय सलत होतं ते तिला आता कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

४

तरी तिला एकदा खात्री करून घ्यायची होती. कंपनीकडं फारुकचा खरंच जुना पत्ता आहे का? शुक्रवारी ती ‘सुवेष्टन’च्या गेटवर गेली.

ओळखपत्रं काढून घेणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचं नाव ऋषिराज. तो तिला ऑफिसात नेण्याऐवजी सरळ शेडमध्येच घेऊन गेला, कारण ऑफिसात खुर्च्याच उरल्या नव्हत्या. शेडमध्ये मुख्य मशीनचे भाग सुटे करून लाकडी पेट्यांत भरणं चालू होतं.

“फारुक यांचा पत्ता बारामतीचाच आहे,” त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं. “बदललेला नाही. आणि पेढेबिढे आम्ही कुणालाही पाठवले नाहीत, हे मी पोलिसांना लिहून दिलंय.”

राजेश्वरीचं लक्ष पेट्यांकडं होतं. “मशीन कुठं चाललंय?”

त्यानं मोबाइल खिशात टाकला.

“साहेब, मशीन जातंय तर सुपरवायझर कशावर बसवणार?”

ऋषिराजनं इकडंतिकडं पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतंच. “जागा नव्हती, ताई,” तो म्हणाला. “मशीन गुजरातला चाललंय. तिथल्या लोकांना ते चालवता येत नाही. इथल्या जाणकारांकडून माहिती हवी होती. बोलावून विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं. मुलाखत म्हटल्यावर माणूस सगळं सांगतो. ते रेकॉर्ड करायचं आणि तिकडं पाठवायचं. वरून तसं आलं होतं.”

“आणि तुमी चौघांना बोलावलं.”

“मी फक्त मेल पाठवले.” त्यानं कपाळ पुसलं. “एकाचीच मुलाखत झाली, पण ते म्हणाले तेवढी पुरेशी आहे. फार उत्तम माहिती मिळाली म्हणे.”

राजेश्वरी वळली तेव्हा तो दोन पावलं तिच्यामागं आला. “ताई, तीस तारखेला माझाही शेवटचा दिवस आहे. कुठं काही कळलं तर माझ्यासाठी लक्षात ठेवाल?”

तो थट्टा करत नव्हता.

५

शनिवारी सकाळी ती हवालदार गावड्यांना घेऊन कऱ्हाटीला गेली. गावड्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं.

मोहनराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दोघांना एकत्र बघून त्यांनी गेणूला चहा ठेवायला आत पाठवलं.

“मोहनराव,” राजेश्वरी म्हणाली, “फारुकचा नवा पत्ता तुमी आन् गेणू सोडून कुणाला ठाऊक न्हवता.”

मोहनरावांनी खुर्ची थोडी सावलीत ओढली.

“खोक्याच्या पट्टीचं टोक दुमडलेलं हुतं. म्हंजे हात लाइनवरचा. संभाजी गेला. फारुक लुंगीवर दवाखान्यात पोचला. तुमी पहाटं चारला बाभळीमागं बसत बसत आला, पण दाढी करून आला. इस्त्रीचा शर्ट, चार्जर, फाइल, सगळं पिशवीत. गेणू तर परत घरी गेलाच न्हवता. आपण आजारी पडणार हे तुमाला आधीच ठाऊक हुतं.”

“मुलाखत हुती. तयारी तर करणारच की माणूस.”

“एकेक गोष्ट सुटी धरली तर काहीच न्हाय. मी बी तसंच म्हणत हुते. पण सौरभचं कोडं सुटंना. तिघांना खोकी आन् त्यालाच का न्हाय? इसरून राहिला का? मग ध्यानात आलं. दोघांना पेढ्यांनी घरी बसवायचं आन् सौरभला पोलिसांनी. त्याला खोकं न पाठवणं, हेच त्याला पाठवलेलं खोकं हुतं. तुमी स्वतः एक पेढा खाल्ला म्हणून तुमच्याकडं कुणी बघितलं न्हाय.”

आत स्टोव्हचा आवाज येत होता. मोहनरावांनी हातावरच्या सुईच्या काळ्यानिळ्या डागावर अंगठा फिरवला.

“एक दिवस,” ते म्हणाले. “एकच दिवस त्यांनी घरी बसावं, एवढंच हुतं माझ्या मनात. ती पोरं हायेत, राजेश्वरी. चाळिशीची. कुठं बी लागतील. छप्पन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? आठ महिने मी रोज सकाळी डबा भरून घराबाहेर पडत हुतो. एमआयडीसीच्या वडाखाली बसायचो आन् साडेपाचला परत यायचो. गावात कुणाला कळू दिलं न्हाय. संभाजीला आजार हाय हे मला ठाऊक असतं तर...” ते खुर्चीत पुढं झुकले. “त्यानं सांगितलं का न्हाय?”

“तुमी तरी वडाचं कुठं सांगितलं?”

मोहनराव पायानं अंगणातली माती सारखी करू लागले.

“फारुकच्या घरी दोन पोरी हायेत,” ती म्हणाली. “पेढे मागत हुत्या. त्यांनी आधी हात घातला असता तर?”

मोहनरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सामान भरताना त्या पोरींना त्यांनीच टेम्पोत उचलून बसवलं होतं. गेणू चहा घेऊन दारात आला आणि तिथंच थिजून उभा राहिला.

गावडे उठले. “चला, मोहनराव.”

मोहनराव उठले, चप्पल घातली. फाटकापाशी थांबून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “निकाल लागला का?”

राजेश्वरीनं खोटं बोलायचा विचार केला होता. वाटभर केला होता. पण खोट्यामुळंच हे सगळं इथवर आलं होतं. “जागाच न्हवती, मोहनराव. मशीन गुजरातला चाललंय. तितल्या लोकांना शिकवायला तुमचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. बाकी काही न्हवतं.”

ते बघत राहिले. आधी चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्यांनी मान हलवली, जणू मशीनच्या आवाजात कुठंतरी खोट ऐकू यावी तशी.

“पण मुलाखत चांगली झाली हुती माझी,” ते म्हणाले. “साहेब म्हनले, एवढं बारीक कुनीच सांगितलं न्हाय.”

६

सौरभला त्याच संध्याकाळी सोडलं. पुढच्या बुधवारी संभाजीचा दहावा होता. नदीकाठी जुने सहकारी बरेच जमले. फारुक शबीनाच्या आधारानं आला आणि सुप्रियाच्या भावाशेजारी खाली बसला. मोहनरावांचं नाव कुणी काढत नव्हतं. काहींच्या मनात राग होता, काहींच्या मनात त्याहून अवघड असं काहीतरी. आपण चौघांत असतो तर काय केलं असतं, हे ज्यानं त्यानं स्वतःलाच विचारून पाहिलं असावं. राजेश्वरीनं तर विचारलंच होतं आणि उत्तर काही छातीठोक आलं नव्हतं.

कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. तेवढ्यात सौरभच्या खिशातला मोबाइल थरथरला. त्यानं तो काढला, वाचला आणि दोन पावलं बाजूला सरकला. पडदा छातीशी धरून पुन्हा वाचला. शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. एकानं नकळत स्वतःचाही फोन बाहेर काढला.

राजेश्वरीला ते सरकणं दिसलं. केवढीशी दोन पावलं. ती त्याच्यापाशी गेली.

“नोकरीचं हाय?”

सौरभचा चेहरा पडला. “कुरकुंभला. ऑपरेटरच्या दोन जागा. मित्रानं पाठवलंय, कुणाला सांगू नको म्हणून.”

“जागा खऱ्या हायेत?”

“मित्र तिथंच कामाला आहे. खऱ्या आहेत.”

सौरभनं फारुककडं पाहिलं, मग घाटाच्या पायरीवर बसलेल्या सुप्रियाकडं. पाच दिवस कोठडीत काढून आलेला तो मुलगा, त्याला मोठं व्हायचं होतं तर आत्ताच व्हायचं होतं. तो परत लोकांत आला, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचू लागला. कंपनीचं नाव, अर्जाची तारीख, फोन नंबर.

“मागं ऐकू आलं न्हाय,” कुणीतरी म्हणालं.

त्यानं नंबर पुन्हा वाचला, एकेक आकडा सुटा करून. फारुकनं शबीनाच्या पिशवीतला पेन घेतला आणि तळहातावर लिहून घेतला.